मोतीबिंदु पिकूं देऊं नये

गतवर्षीं आश्विन वद्य चतुर्थीस, म्हणजे संकष्टीच्या रात्रीं, आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला. चंद्रोदय झाला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आम्ही गच्चीवर गेलों होतों. खालीं नैवेद्याचें ताट तयार होतें आणि दिवसभराच्या उपवासानें सर्वांचाच धीर सुटत आला होता. आम्हीं पूर्वेकडे पाहिलें, तों चंद्र उगवलेला होता. पण एक नव्हे, तीन! भाकरींची चवड किंचित कलावी आणि प्रत्येक भाकरीची कड वेगळी दिसावी, तशीं तीं तीन बिंबें एकमेकांत गुंतलेलीं दिसत होतीं. आम्हीं डावा डोळा झांकून पाहिलें. तरी चंद्र तीनच. ही गोष्ट आम्हीं सहज बोलून दाखविली, तेव्हां आमच्या मंडळींनीं अर्घ्याची पळी हातांत देत म्हटलें, "अहो, तीन दिसत असतील तर तीन वेळां अर्घ्य द्या; आणि उद्यां सकाळीं डोळे दाखवायला चला. भाऊजींचें झालें तेवढें पुरे झालें."

शेवटचें वाक्य ऐकून आम्ही गप्प झालों. त्या वाक्याचा अर्थ वाचकांस कळावा, म्हणून प्रथम तीच हकीकत सांगतों. ती सांगतांना आमची मान खालीं जाते. तरीसुद्धां ती लपवून ठेवून हा लेख लिहिणें अप्रामाणिकपणाचें होईल.

आमचे वडील बंधु आमच्याहून दहा वर्षांनीं मोठे. नांदेड जिल्ह्यांत गोदाकांठच्या एका गांवीं घर व थोडी जमीन सांभाळून ते राहतात. सहा वर्षांपूर्वीं त्यांच्या उजव्या डोळ्यांत मोतीबिंदु असल्याचें निदान झालें. त्या वेळीं त्यांनीं आम्हांस विचारलें, "तूं चार बुकें वाचलेला आहेस. काय करूं?" आम्हीं मोठ्या शहाणपणाचा आव आणून सांगितलें, "अण्णा, मोतीबिंदु पिकूं द्यावा. कच्चा काढूं नये, असें जुने लोक म्हणत." हें आम्हीं कोठें वाचलें होतें? कोठेंच नाहीं. लहानपणीं ओट्यावर म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलेलें वाक्य आम्हीं शास्त्र म्हणून पुढें केलें. अण्णांना शस्त्राचें भय होतेंच. त्यांना तेवढाच आधार पुरला. दोन वर्षें गेलीं. बाहुली पांढरी दिसूं लागली, तेव्हां ते म्हणत, "आतां पिकत आला."

एके दिवशीं चैत्रांत त्यांचें डोकें भयंकर दुखूं लागलें. डोळा लाल झाला, उलट्या सुरू झाल्या. घरच्यांना वाटलें, उन्हानें पित्त खवळलें. आलेपाक झाला, कोकमाचें सार झालें, कपाळावर चंदनाचा लेप झाला. तिसऱ्या दिवशीं त्यांना नांदेडास नेलें. डॉक्टरांनीं सांगितलें कीं, फार दिवस राहिलेला मोतीबिंदु फुगून किंवा झिरपून डोळ्यांतील पाण्याचा मार्ग अडवितो. आंतील दाब एकदम चढतो, आणि तो दाब दृष्टीच्या मज्जातंतूस मारून टाकतो. औषधें दिलीं, मोतीबिंदु काढला, वेदना थांबल्या. परंतु त्या डोळ्याचा प्रकाश परत आला नाहीं. मोतीबिंदूनें गेलेली दृष्टि परत येते. त्या दाबानें गेलेली येत नाहीं. हा भेद आम्हांस त्या दिवशीं, फार महाग किंमत देऊन, कळला. अण्णांनीं आम्हांस एका शब्दानें दोष दिला नाहीं. तेंच अधिक लागलें.

आतां त्यांच्या डाव्या डोळ्यांतही मोतीबिंदु उतरला होता आणि शस्त्रक्रियेचें नांव काढतांच ते उठून जात. म्हणून आम्हीं ठरविलें कीं, आधीं आपण आपला डोळा दाखवावा, करावयाचें तें करून घ्यावें, आणि मग अण्णांकडे जावें. उपदेशापेक्षां उदाहरण बरें, हें शिक्षकाला तरी कोणी सांगावयास नको.

मोतीबिंदु म्हणजे काय

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, मोतीबिंदु म्हणजे डोळ्यावर वाढणारें एक पातळ पटल असून तें खरवडून काढतात. तसें नाहीं. बुबुळाच्या मागें, बाहुलीच्या आड, निसर्गानेंच एक भिंग बसविलेलें आहे. तें सुमारें दहा मिलिमीटर रुंद व चार-पांच मिलिमीटर जाड असून एका नाजूक पिशवींत असतें. तारुण्यांत तें पाण्यासारखें स्वच्छ असतें. वयोमानानें त्यांतील प्रथिनांची रचना बिघडते; भिंग प्रथम पिवळसर व मग धुरकट होतें. अंड्याचा पांढरा बलक आधीं पारदर्शक असतो आणि उष्णतेनें पांढरा होतो. ती उपमा येथें बरीच जुळते. एकदां पांढरा झालेला बलक पुन्हां पारदर्शक करितां येत नाहीं, तसेंच ह्या भिंगाचें आहे. म्हणून कोणताही थेंब, अंजन, मध वा कांद्याचा रस मोतीबिंदु विरघळवूं शकत नाहीं. वय हें मुख्य कारण. त्याशिवाय मधुमेह, तंबाखू, प्रखर ऊन, डोळ्यास झालेली इजा आणि स्टेरॉइड जातीचीं औषधें दीर्घकाळ घेणें हींही कारणें आहेत.

लक्षणें सर्वांस ठाऊक असावींत. दिव्याभोंवतीं वलय दिसणें, समोरून येणाऱ्या मोटारीच्या उजेडानें डोळे दिपणें, चष्म्याचा नंबर वारंवार बदलणें, रंग मळकट दिसणें, आणि एका डोळ्यानेंही एका वस्तूच्या दोन-तीन प्रतिमा दिसणें. आमचे तीन चंद्र ह्या शेवटच्या सदरांत मोडतात. कांहीं वृद्धांना मध्येंच चाळिशीवांचून वाचतां येऊं लागतें आणि ते "माझी नजर परत तरुण झाली" म्हणून पेढे वाटतात. तीही पुष्कळदां मोतीबिंदूचीच चाहूल असते.

सुश्रुतापासून रिडलेपर्यंत

संस्कृताचा थोडा अभ्यास असल्यामुळें आम्हांस ह्या विषयाचा इतिहास सांगितल्यावांचून राहवत नाहीं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत लिंगनाश ह्या नांवानें ह्या रोगाचें वर्णन असून सतराव्या अध्यायांत कफज लिंगनाशावर शस्त्रकर्म सांगितलें आहे. आठ अंगुळें लांबीची, मध्यें सूत गुंडाळलेली, यवाच्या टोकासारख्या मुखाची शलाका घेऊन नेत्राच्या बाह्य कोपऱ्याकडील 'दैवकृत' छिद्रानें वेध करावयाचा, आणि दृष्टीआड आलेला दोष दूर करावयाचा. रोग्याला आकृति दिसूं लागल्या म्हणजे शलाका हळूच काढून घ्यावयाची, डोळ्यास तूप लावून तो वस्त्राच्या पट्टीनें बांधावयाचा. त्यानंतर ढेंकर, खोकला, शिंक, थुंकणें व अंग हलविणें हीं वर्ज्य करावीं, असेंही तेथें सांगितलें आहे. आमच्या शस्त्रक्रियेनंतर परिचारिकेनें हातीं दिलेल्या छापील कागदावर खोकला व शिंक ह्यांविषयींची सूचना वाचून आम्हांस मौज वाटली. शस्त्र बदललें, पथ्य फारसें बदललें नाहीं.

मात्र अभिमानाच्या भरांत एक गोष्ट विसरूं नये. त्या जुन्या क्रियेंत धुरकट भिंग डोळ्याच्या आंतच खालीं ढकललें जाई. बाहेर काढलें जात नसे. त्यामुळें उजेड दिसे, परंतु पुढें सूज व दाब वाढून कित्येक डोळे जात. भिंग बाहेर काढण्याची क्रिया १७४७ सालीं जाक दाव्हिएल ह्या फ्रेंच शस्त्रवैद्यानें केली. तरीही भिंगाची जागा रिकामीच राही. आम्ही शाळेंत असतांना, १९७० च्या सुमारास, आमच्या गांवच्या शाळेंत नेत्रशिबिर भरलें होतें. बांकें बाहेर काढून वर्गांत सतरंज्या अंथरल्या होत्या. डोळे बांधलेले म्हातारे डोक्याच्या दोहों बाजूंस वाळूच्या पिशव्या ठेवून कित्येक दिवस उताणे निजले होते. पुढें त्यांना बाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगांचे चष्मे मिळाले. त्या चष्म्यांतून त्यांचे डोळे आम्हां मुलांना फार मोठे दिसत व आम्ही हंसत असूं. त्यांना दाराची चौकट वांकडी दिसते आणि पाऊल टाकतांना जमीन अदमासानें शोधावी लागते, हें आम्हांस काय ठाऊक!

ही उणीव भरून काढणारा पुरुष म्हणजे इंग्रज नेत्रवैद्य हॅरल्ड रिडले. दुसऱ्या महायुद्धांत कांहीं वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या पारदर्शक प्लास्टिकचे कण शिरले होते. परकी वस्तु डोळ्यांत गेली कीं डोळा पेटतो, हा नेहमींचा अनुभव; पण हे कण आंत स्वस्थ पडून राहिले. रिडलेनें त्यावरून अनुमान केलें कीं, ह्याच द्रव्याचें भिंग केलें तर डोळा तें सहन करील. २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत त्यानें पहिलें कृत्रिम भिंग बसविलें. त्याच्या समव्यवसायी लोकांनीं कित्येक वर्षें त्याला विरोध केला. पुढें अमेरिकेंत चार्ल्स केलमन ह्यांनीं १९६७ सालीं ध्वनिलहरींनीं भिंगाचा चुरा करून तो लहानशा छेदांतून शोषून घेण्याची युक्ति काढली. तिलाच आज फेको म्हणतात.

हें ज्ञान गरिबाच्या दारापर्यंत नेण्याचें श्रेय मात्र आपल्या देशांतील लोकांचें आहे. मदुराई येथें डॉ. वेंकटस्वामी ह्यांनीं १९७६ सालीं अरविंद नेत्ररुग्णालय काढलें, आणि त्याच संस्थेच्या ऑरोलॅबनें १९९२ पासून हीं भिंगें येथेंच बनवून परदेशी भिंगाच्या अल्पांश किमतींत दिलीं. आपल्या लातूर जिल्ह्याला तर ह्या बाबतींत विशेष अभिमान वाटावा. रेणापूर तालुक्यांतील माकेगांवच्या शेतकरी कुटुंबांत जन्मलेले डॉ. तात्याराव लहाने अंबाजोगाईस व पुढें मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत काम करून लाखाहून अधिक शस्त्रक्रियांचे धनी झाले. १९९५ सालीं त्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं असतां त्यांच्या मातोश्रींनीं आपलें मूत्रपिंड त्यांना दिलें. त्या आयुष्यावर त्यांनीं अगणित लोकांना दृष्टि दिली. २००८ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या भागांत उदगीरचें लायन्स नेत्ररुग्णालय आहे, नांदेड व लातूर येथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचीं रुग्णालयें आहेत. अंधत्वनियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू असून शासकीय रुग्णालयांत व शिबिरांत ही शस्त्रक्रिया भिंगासह विनामूल्य होते. तेव्हां द्रव्याभावाची सबब आतां फारशी उरलेली नाहीं. उरलें आहे तें भय, आणि आमच्यासारख्यांचें अर्धवट शहाणपण.

पूर्वतयारी

संकष्टीच्या दुसऱ्या दिवशीं आम्ही उभयतां लातुरांतील एका नेत्ररुग्णालयांत गेलों. आमच्या दोन्हीं डोळ्यांत मोतीबिंदु निघाला. आमच्या मंडळींच्याही उजव्या डोळ्यांत निघाला. आम्हीं अण्णांचें स्मरण ठेवून विचारलें, "पिकला आहे का?" डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, हें फळ नव्हे. आपल्या रोजच्या कामांत अडचण येऊं लागली, म्हणजे काढण्याची वेळ आली. पिकूं दिला तर तो दगडासारखा कठीण होतो. मग काढणें अवघड आणि धोका अधिक." आम्हीं ऋतूचाही प्रश्न काढला. थंडीच्या दिवसांतच शस्त्रक्रिया करावी, ही समजूत वातानुकूल खोल्या व प्रतिजैविकें नव्हतीं त्या काळची. आतां बाराही महिने सारखेच.

पूर्वतयारींत कोणत्या गोष्टी येतात, तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट शरीराची. रक्तांतील साखर, रक्तदाब, हृदयाचा आलेख व रक्ताच्या नेहमींच्या तपासण्या होतात. आमच्या मंडळींना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांची साखर वाढलेली निघाली म्हणून डॉक्टरांनीं घाई केली नाहीं. सहा आठवडे पथ्य व औषध करून ती आटोक्यांत आल्यावरच दिवस ठरविला. साखर अनावर असतां जखम भरण्यास वेळ लागतो व जंतुसंसर्गाचें भय वाढतें.

दुसरी गोष्ट औषधांची. आपण घेत असलेल्या प्रत्येक गोळीचें नांव सांगितलें पाहिजे. येथें आमची फजिती झाली. उतारवयांत पुरुषांना लघवीचा जो त्रास होतो, त्यासाठीं आम्ही टॅमसुलोसिन नांवाची गोळी घेत होतों. डोळ्याचा व तिचा काय संबंध, असें समजून आम्ही ती सांगितलीच नाहीं. आमच्या मंडळींनीं पिशवींतून तिचें पाकीट काढून टेबलावर ठेवलें, तेव्हां डॉक्टर एकदम सावध झाले. ह्या गोळीनें बाहुली पुरती फांकत नाहीं व बुबुळाचा पडदा सैल होऊन शस्त्रक्रियेच्या वेळीं फडफडतो. गोळी बंद केल्यानेंही तो परिणाम लगेच जात नाहीं. पण शस्त्रवैद्याला आधीं ठाऊक असलें तर तो त्याची तजवीज ठेवतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनींही त्या सांगाव्यात, आणि त्या आपल्याच मनानें बंद करूं नयेत. हृदयास अपाय होईल.

तिसरी गोष्ट डोळ्याची. आंतील दाब मोजतात. अश्रुमार्गांत पाणी सोडून तो मोकळा आहे कीं नाहीं तें पाहतात. तेथें पू सांचलेला असेल तर आधीं त्याचा उपचार. थेंब घालून बाहुली मोठी करून मागचें दृष्टिपटल तपासतात. हें अत्यंत महत्त्वाचें. कारण कॅमेऱ्याची कांच बदलली, पण आंतील फिल्मच खराब असली, तर चित्र कसें उठणार? थेंब घातल्यावर चार-पांच तास अंधुक दिसतें, म्हणून त्या दिवशीं सोबतीला कोणी तरी असावें.

चवथी गोष्ट मापाची. बुबुळाची गोलाई आणि डोळ्याची पुढून मागें लांबी यंत्रानें मोजतात व त्यावरून बसवावयाच्या भिंगाची शक्ति काढतात. डोळ्याची लांबी सामान्यतः साडेतेवीस मिलिमीटरांच्या आसपास असते. तींत एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याच्या नंबरांत अडीच-तीनाचा फरक पडतो. म्हणून ह्या तपासणीच्या वेळीं मान स्थिर ठेवावी, सांगतील तेथें पाहावें, आणि पुन्हां मोजूं म्हटलें तर कंटाळा करूं नये. गणिताच्या शिक्षकाला जें पडताळ्याचें महत्त्व, तेंच येथें.

भिंगाची निवड

येथवर सर्व सोपें होतें. भिंगाचा विषय निघाला आणि आमच्या घरीं रोज रात्रीं परिषद भरूं लागली. पुण्याहून चिरंजीवांचा दूरध्वनि आला: "बाबा, सर्वांत महागाचें भिंग बसवा. पैशाचा विचार करूं नका." त्यांचा भाव चांगला, परंतु महाग तें सर्वांस योग्य, हा नियम भिंगाला लागू नाहीं. आम्हांस जें कळलें तें असें.

भिंगें द्रव्यावरून दोन प्रकारचीं. एक कठीण, दुसरें घडीचें. कठीण भिंग अनेक वर्षांच्या अनुभवाचें व स्वस्त. त्यासाठीं सुमारें सहा मिलिमीटरांचा छेद लागतो, पण तोही बहुधा बिनटांक्याचा असतो. घडीचें भिंग दुमडून अडीच-तीन मिलिमीटरांच्या छेदांतून आंत सोडतात व तें आंत उलगडतें. डोळा लवकर बरा होतो. दोन्हींनीं उत्तम दिसूं शकतें. शिबिरांतील भिंग हलकें असतें, असें समजून कोणीं खिन्न होऊं नये.

कार्यावरून भिंगें तीन प्रकारचीं. पहिलें एककेंद्री: तें एकाच अंतरावर स्पष्ट दाखवितें, दुसऱ्या अंतरासाठीं चष्मा लागतो. दुसरें टोरिक: बुबुळाची गोलाई आडवी-उभी सारखी नसेल, म्हणजे ज्यास आडवा नंबर म्हणतात तो असेल, तर तो भिंगांतच सुधारतात. तिसरें बहुकेंद्री, म्हणजे मल्टिफोकल: तें येणारा उजेड वांटून जवळचें व लांबचें दोन्ही दाखवितें, त्यामुळें चष्म्याची गरज पुष्कळ कमी होते. पण उजेड वांटला कीं प्रत्येक वांट्यास थोडा कमी येणारच. मंद उजेडांत अक्षरें फिकी वाटतात व रात्रीं दिव्यांभोंवतीं वलयें दिसतात. ज्याचें दृष्टिपटल मधुमेहानें बिघडलें आहे किंवा ज्यास काचबिंदु आहे, त्यास तें सहसा योग्य नसतें. आमच्या मंडळींच्या पटलावर मधुमेहाचे डाग निघाले, तेव्हां चिरंजीवांचा आग्रह तेथेंच संपला.

मग प्रश्न उरला कीं, एककेंद्री भिंग जवळचें घ्यावें कीं लांबचें? डॉक्टरांनीं आम्हांस विचारलें, "गुरुजी, दिवसभर काय करतां?" आम्ही म्हटलें, "वाचतों." त्यांनीं पुढें विचारलें, "चष्मा लावून?" आम्ही लहानपणापासून लांबचें कमी दिसणारे, वाचतांना चष्मा काढून ठेवण्याची पन्नास वर्षांची संवय. त्यांनीं सांगितलें, "तर मग लांबचें भिंग घेतलेंत तर रस्ता स्पष्ट दिसेल, पण हातांतील पोथी चष्म्यावांचून वाचतां येणार नाहीं. पुष्कळ लोक ह्याचा आधीं विचार करीत नाहींत आणि नंतर हळहळतात." आम्हीं जवळचें भिंग घेतलें. बाहेर जातांना चष्मा लावतों, आणि पहांटे उशाजवळचें पुस्तक उघड्या डोळ्यांनीं वाचतों.

आमच्या मंडळींना आम्ही म्हटलें, "तुमचें तर सारें काम जवळचें: धान्य निवडणें, फुलवाती, शिवण. तुम्हीही जवळचेंच घ्या." त्या म्हणाल्या, "निवडायला मी चाळिशी घालीन. दारांत आलेलें माणूस मला ओळखूं आलें पाहिजे. गेल्या महिन्यांत जाऊबाईंना मी फाटकांतून ओळखलें नाहीं. त्यांना केवढें वाईट वाटलें असेल!" त्यांनीं लांबचें घेतलें. एका घरांत दोन माणसांचीं भिंगें परस्परविरुद्ध, आणि दोन्हीं बरोबर. ह्यावरून वाचकांनीं एवढेंच घ्यावें कीं, भिंग निवडतांना शेजाऱ्यानें कोणतें घेतलें हें न विचारतां आपला दिवस कशांत जातो हें विचारावें.

शस्त्रक्रिया व नंतर

मार्गशीर्षांत आमचा उजवा डोळा झाला. आदल्या दिवशीं डोक्यावरून स्नान केलें, कारण पुढें कांहीं दिवस डोक्यावरून पाणी घेतां येत नाहीं. सांगितलेले थेंब वेळेवर घातले. डोळा थेंबांनींच बधिर केला. कोणाकोणास बाजूला सुई देतात. दिव्याकडे पाहा, असें सांगितलें. मग निळे, गुलाबी, पांढरे रंग पाण्यांत कालवल्यासारखे फिरले. आम्ही मनांत अथर्वशीर्षाचें आवर्तन सुरू केलें होतें. दुसरें पुरें होतांच "झालें, गुरुजी" असे शब्द ऐकूं आले. त्याच दिवशीं घरीं आलों. डावा डोळा महिन्यानें झाला. आमच्या मंडळींचा डोळा ह्या दोहोंच्या मध्यें, पौषांत झाला. त्यांनीं पट्टी सुटल्यावर आपल्या जांभळ्या लुगड्याकडे पाहिलें आणि म्हणाल्या, "हें इतके दिवस मी तपकिरी समजून नेसत होतें!"

पुढील पथ्य सोपें आहे, पण पाळलें पाहिजे. डोळ्यांत पाणी जाऊं देऊं नये, डोळा चोळूं नये, रात्रीं झांकण लावून निजावें, जड उचलूं नये, साष्टांग नमस्कार कांहीं आठवडे मनानेंच करावा, चुलीच्या धुरापाशीं बसूं नये. थेंब चार ते सहा आठवडे, हात धुवूनच घालावे. डोळा दुखूं लागला, अधिक लाल झाला किंवा दिसणें कमी झालें, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां त्याच दिवशीं जावें. चष्म्याचा नंबर सुमारें महिन्या-दीड महिन्यानें काढतात. पुढें महिन्यांनीं वा वर्षांनीं पुन्हां धुरकट दिसूं लागलें तर मोतीबिंदु परत आला असें समजूं नये. भिंगामागची पिशवी मळकट होते व ती लेसरच्या किरणांनीं कांहीं मिनिटांत स्वच्छ करितां येते.

माघाच्या शेवटीं आम्ही एस. टी. नें अहमदपूर, लोहा मार्गें अण्णांकडे गेलों. जेवणानंतर त्यांच्यापुढें बारीक टायपाची पोथी उघडून चष्म्यावांचून पानभर वाचून दाखविलें. अण्णा ऐकत होते. मग आम्हीं सहा वर्षांपूर्वींची आपली चूक प्रथमच तोंडानें बोलून दाखविली. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. नंतर म्हणाले, "हा एकच उरला आहे रे. हाही गेला तर?" आम्हीं म्हटलें, "अण्णा, एकच उरला आहे, म्हणूनच ह्याला पिकूं द्यावयाचें नाहीं." ते आमच्याबरोबर लातुरास आले. एकुलत्या डोळ्याची शस्त्रक्रिया करतांना डॉक्टरांनीं अधिक तपासण्या केल्या, धोके स्पष्ट सांगितले, आणि लांबचें भिंग ठरविलें. पुढें नंबर नसला तरी डोळ्याच्या रक्षणासाठीं न फुटणाऱ्या कांचेचा चष्मा सदैव वापरावा, असेंही बजावलें.

फाल्गुनांत दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांची पट्टी सोडली. आम्ही समोर उभे होतों. अण्णांनीं आम्हांकडे नीट निरखून पाहिलें. आमचे पिकलेले केंस, गालांवरच्या सुरकुत्या, सारें पाहिलें, आणि म्हणाले, "तूं फार म्हातारा झालास रे."

आम्हांस आयुष्यांत अनेक प्रशस्तिपत्रें मिळालीं. इतकें गोड एकही लागलें नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं साठी उलटलेलें कोणी तरी आहे. त्यांनीं चंद्राकडे पाहून आपले डोळे पारखावेत, आणि एकाहून अधिक चंद्र दिसल्यास, किंवा एकही स्पष्ट न दिसल्यास, कोणा बहुश्रुत भावाचा सल्ला न घेतां सरळ नेत्रवैद्याकडे जावें. इत्यलम्.